बरणीतले दोन दगड

आईने माझे सगळे दगड काथ्याने घासून अंगणात ओळीने वाळत घातले होते. मोजले तर पाच. मी सात आणले होते.

"यावरचे आकडे कुठं गेले?" मी ओरडलेच.

"कसले आकडे? लय माती हुती. घरात घ्यायचे म्हंजी धुवाय नकोत?"

तुंगार्लीत एका बंगल्यासाठी डोंगराची कड कापली होती. वडील तिथे दगड फोडायच्या कामावर होते, म्हणून मला आत जाऊ दिलं. खालपासून वर, एकेका थरातून दगड घेऊन मी मार्करने एक ते सात आकडे टाकले होते. आता तिथे सिमेंटची भिंत उभी राहिली होती. पुन्हा दगड मिळणं शक्य नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी पुण्यात कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांच्या चकत्या कापायची माझी पाळी होती. ती हुकली की भूशास्त्राच्या एम.एस्सी.चं वर्ष गेलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली; नापास होऊन गावात, वडिवळ्यात, मिरवायचं नव्हतं.

आकड्यांशिवाय ते नुसते धोंडेच होते. आमचे डोंगर म्हणजे एकावर एक सांडलेला लाव्हा, खालचा आधीचा. काळ्या दगडात पांढऱ्या कांड्या दिसतात, ते फेल्डस्पारचे स्फटिक. जमिनीखाली वितळलेला खडक, म्हणजे शिलारस, साठून राहतो तेव्हा ते सावकाश वाढतात, खोडासारखी वलयं धरत. मध्येच जास्त तापलेला नवा रस आत घुसला की त्यांच्या कडा कुरतडल्या जातात. कागदाहून पातळ चकती केली की सूक्ष्मदर्शकाखाली हे स्वच्छ दिसतं. पण खालचा दगड कुठला नि वरचा कुठला हेच कळेनासं झालं, तर आधी काय घडलं नि नंतर काय, हे कशावरून सांगायचं?

"बाकीचे दोन कुठायत?"

आई वडिलांकडे बघायला लागली. वडिलांनी मान खाली घातली. मिठातल्या कैरीवर दडपायला दोन बरण्यांत माझे दोन दगड, तेही घासूनच, गेले होते. तोंडातून आत जाईनात म्हणून त्यांनी कडा उडवल्या होत्या.

"चांगले जड हायेत," ते पुटपुटले.

मोबाइलमध्ये सातही दगडांचे आकड्यांसकट फोटो होते. आकार जुळवून पाच दगड लागले. उरले बरणीतले. एक दोन नंबरचा, एक सहाचा. दोन्हींत तशाच लांब कांड्या, आणि कडा गेलेल्या.

"ह्यो खालचा," वडील म्हणाले.

"कशावरून?"

"आसंच वाटतंय. लिव्ह की. कोन बगायला येतंय?"

मलाही तसंच वाटत होतं. मार्कर उघडला, दगडावर टेकवला आणि परत टोपण लावलं. "आबा, टवके कुठं टाकले?"

"आईनं झाडले. उकिरड्यावर."

भर दुपारी आम्ही दोघं उकिरडा उपसत बसलो. शेण, राख, अंड्याची टरफलं. शेजारची मावशी कुंपणावरून म्हणाली, "एवढं शिकून हितंच आली व्हय गं?" टवके सापडत होते, पण एकही बसत नव्हता. शेवटची गाडी पकडायला तासभर उरला, तेव्हा वडिलांनी एक टोकदार टवका उचलला, थुंकी लावून पुसला, दगडाला लावला. खटकन बसला. फोटो मोठा केला. तेच टोक दोन नंबरच्या फोटोत उजवीकडे होतं.

पण तो टवका बसला होता दुसऱ्याच दगडाला. आम्ही ज्याला वरचा म्हणत होतो, त्याला.

वडिलांनी मार्कर माझ्या हातात दिला. म्हणाले, "टाक आकडा."

चकत्या झाल्या. दोन नंबरच्या स्फटिकांच्या कडा कुरतडलेल्या, सहाच्या शाबूत. तापलेला रस आधीच घुसून गेला होता, वरचे थर येईतो सगळं निवांत झालं होतं. त्या दुपारी मार्कर टेकवून आकडा लिहिला असता तर मी बरोबर उलटं शपथेवर सांगितलं असतं.

उरलेले तुकडे आईने बरण्यांसाठी परत मागून घेतले. आता कुठलाही दगड धुण्याआधी विचारते, "ह्याच्यावर काय लिव्हलंय का गं?"