अंगणातला वाढदिवस

आसगावात जीवन मेश्रामबद्दल विचारलं की लोक म्हणत, "तो मिलवाला काय? तो तं तिकडं तुमसरले राहते." ते खरंही होतं. दहावी झाल्या झाल्या तो तुमसरच्या एका राईस मिलमध्ये पोती शिवायला लागला, पुढं पॉलिशरच्या मशीनवर गेला आणि तिथंच रमला. आठवडाभर मिलजवळच्या खोलीत राहायचं, शनिवारी मोटारसायकल काढून घरी यायचं, सोमवारी पहाटे परत. घर, दोन बांधांचं शेत, म्हातारी आई आणि पोरगी हे सगळं राखी सांभाळायची. राखी कोंढ्याची. बोलकी, हसरी, कुणाच्याही चुलीपाशी जाऊन बसणारी. मनालीचा वाढदिवस म्हणजे तिचा सण. सारा मोहल्ला अंगणात जमायचा. जीवनचं काम एवढंच की तुमसरहून केक न मोडता आणायचा.

कोरोनाच्या पहिल्या वर्षी, पोळा होऊन गेल्यावर, तो आजार त्यांच्या घरात आला. आधी मनालीला ताप आला, मग राखीला, मग जीवनला. त्याची आई शकुनबाई तेव्हा लेकीकडं गेली होती म्हणून वाचली. तिला दम्याचा त्रास. जीवनला मनालीसोबत एका कोविड सेंटरवर ठेवलं आणि राखीला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. ती परत आली नाही. जीवनला तिचं तोंडही बघायला मिळालं नाही. फोनवर कुणीतरी सांगितलं, त्यानं "हो" म्हटलं आणि फोन खाटेवर ठेवला.

त्या "हो"नंतर त्याच्या आत काही हललंच नाही. घरी आला, लोक दुरून भेटून गेले, शकुनबाई छाती बडवून रडली. तो भिंतीला टेकून बसून राहिला. तो रडत नाही म्हणून लोक आधी घाबरले, नंतर कुजबुजले. त्याला त्याचंही काही वाटलं नाही. वास गेलेला होता तो परत आला नव्हता. जेवण म्हणजे नुसतं गरम किंवा गार. दिवाळीनंतर नवा धान मिलमध्ये यायला लागला तसा तो कामावर गेला. मशीनच्या आवाजात त्याला बरं वाटायचं, म्हणजे काहीच वाटायचं नाही.

डिसेंबर उजाडला. बांधांवर तुरी फुलल्या होत्या, सकाळी तलावावरून धुकं उठायचं. एका शनिवारी तो घरी आला तेव्हा शकुनबाई शेकोटीवर हात धरून बसली होती.

"पुढच्या इतवारी पोरीचा वाढदिवस हाय," ती म्हणाली.

"हं."

"ते नको म्हनते. कायले नको, इचारलं तं सांगत नाई. घराच्या बाहेर निघत नाई ते, जीवन. सारे पोट्टे गावभर उंडरून राहिले, हे आपली खिडकीत बसून रायते."

शाळा मार्चपासून बंद होती. मनाली दुसरीत होती, पण दुसरीचा वर्ग तिनं अजून पाहिला नव्हता. जीवन आत गेला. ती खाटेवर पाय पोटाशी घेऊन बसली होती.

"वाढदिवस करायचा ना?" त्यानं विचारलं. तिला काय आवडतं, तिच्या मैत्रिणी कोण, त्याला काही माहीत नव्हतं. ते राखीचं खातं.

मनालीनं खाटेवरून पाय खाली सोडले. "केला तं बराबर करा लागन," ती म्हणाली.

"कसा बराबर?"

मग ती सांगायला लागली. घरात नाही, अंगणात करायचा. ऊन असताना. प्रत्येकाचं पोतं वेगळं, लांब लांब. मास्क खाताना काढायचा, गाताना काढायचा नाही. केक कापायचा नाही, प्रत्येकाला छोटा वेगळा केक. आजी अंगणात यायचीच नाही, ती पडवीत बसेल. आणि मेणबत्ती फुंकायची नाही.

"मंग मेनबत्तीचं काय करायचं?"

"लावायची. फोटोसमोर लावतो ना, तशी."

घरात भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, खाली आता राखीचा फोटो. रोज संध्याकाळी शकुनबाई तिथं मेणबत्ती लावायची. जीवनला हे पटलं. मिलमध्ये मुकादमानं काम सांगावं आणि आपण ते करावं, तसं त्यानं सगळं डोक्यात घेतलं. निदान हाताला काम होतं.

दुसऱ्या दिवशी तो शेजारी रिताकडं गेला. रिता राखीची जिवाभावाची मैत्रीण, तिची गुड्डी मनालीच्याच वर्गातली. तो दारातच उभा राहिला.

"वहिनी, पुढच्या इतवारी मनालीचा वाढदिवस हाय. अंगणातच करतो. गुड्डीले पाठवान काय?"

रितानं हातातलं सूप खाली ठेवलं. तिचे डोळे भरले. "पाठवीन नाई तं काय, भाऊजी. मी काही करून आनू?"

"काही नको. मनाली म्हनते, बाहेरचं कोनी काही आनाचं नाई."

"बरं बाप्पा, ते म्हनन तसं."

आणखी दोन-तीन घरी तो गेला. एका घरी बाई म्हणाली, पोराला जरा सर्दी आहे. अंगणात तो पोरगा गोट्या खेळत होता, नाक कोरडं ठाक. जीवन "बरं" म्हणून वळला. दुसऱ्या घरी म्हातारा डोमा म्हणाला, "आता कुठं कोरोना! खुशाल घरात बसवून जेवू घाल पोट्ट्यायले." गावात दोन्ही तऱ्हेची माणसं होती. कुणी त्यांच्या घरावरून जातानाही रस्ता बदलायचं, तर कुणाला मास्कचंही हसू यायचं. जीवनला कुणाचाच राग आला नाही.

पुढच्या शनिवारी त्यानं मिलमधून रिकामी पोती आणली. पवनीच्या दुकानातून कागदी वाट्यांतले छोटे केक आणि संत्री घेतली. इतवारी सकाळी पोती झटकून उन्हात टाकली, अंगण झाडलं, सडा घातला. मग पायानं अंतर मोजून चुन्याच्या फक्कीनं जागा आखायला बसला. मनाली पडवीच्या खांबाला धरून उभी होती. मास्क तिनं उठल्या उठल्या लावला होता.

"हे गुड्डीची जागा," तो म्हणाला. "हे अंकुशची. हे गोमाजीच्या नातीची. आन तुही कुठं करू? मधात?"

"माही नको."

"काहून?"

"मी आत खिडकीत बसीन. तठून दिसते मले सारं."

"वाढदिवस तुहा, आन तू आत?"

ती खांबाचा रंग नखानं खरवडत राहिली. "मले खोकला आला तं?"

"तुले कुठं खोकला हाय?"

"तवा होता ना. पयले मलेच झाला होता. मंग मायले झाला." ती हळू बोलत होती, जणू फार दिवसांपासून पाठ असलेलं म्हणून दाखवत होती. "मी मायच्या कुशीत झोपली होती."

जीवनच्या मुठीत चुना होता. तो तसाच उकिडवा बसून राहिला. आतून काहीतरी येईल असं त्याला वाटलं, यायलाच पाहिजे होतं. काही आलं नाही. पण पोरगी उत्तराची वाट बघत होती आणि तिथं राखी नव्हती, म्हणजे उत्तर त्यालाच द्यायचं होतं.

"तुह्यामुळं नाई झालं," तो म्हणाला.

"मंग कोनामुळं?"

"मले माहीत नाई."

मनालीनं पहिल्यांदा त्याच्याकडं नीट पाहिलं.

"खरं सांगतो, मले माहीत नाई, बेटा. डॉक्टरलेही नाई. माह्यासंगं मिलमधून आला असन. माय बाजारात गेली होती, तठून आला असन. तवा तं गावोगावी होता." एवढं सलग तो कित्येक महिन्यांत बोलला नव्हता. "आन तू मायच्या कुशीत नाई गेली. तुले ताप होता म्हून मायनं तुले कुशीत घेतलं. तिले कोनी मना केलं असतं तरी घेतलं असतं."

"केलं होतं मना," मनाली म्हणाली. "रितामावशीनं. फोनवर म्हने, पोरीले अलग झोपव. माय म्हने, जमत नाई मले."

"पाह्य मंग."

एवढंच त्याला सुचलं. तिला जवळ घ्यावं का, हे कळेना. हात चुन्यानं भरले होते. मनाली आत निघून गेली.

पडवीत शकुनबाई संत्री पुसत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "म्हून ते माह्याजवळ झोपत नाई," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. "मी म्हनो, मोठी झाली पोरगी." तिचे खांदे हलत होते. जीवननं राहिलेल्या जागा आखल्या. शेवटी एक पोतं मधोमध टाकलं आणि हात धुतले.

ऊन चांगलं तापल्यावर मुलं आली. बोलावली होती त्यातली तिघंच. नवे कपडे, तेल लावून चापून बसवलेले केस, तोंडाला मास्क. गुड्डी आल्या आल्या विचारायला लागली, "मनाली कुठं हाय?" मनाली खिडकीच्या गजाआड होती. मुलं आपापल्या पोत्यावर जाऊन टेकली. लग्नाच्या पंगतीत वाढपी यायच्या आधी लोक बसतात तशी ती बसली होती.

"मेनबत्ती लावा लागते," जीवन खिडकीशी जाऊन म्हणाला. "मले नाई येत तुह्या मायसारखं. तू ये."

काही वेळानं ती दारात दिसली. तसबिरींसाठी त्यानं पडवीच्या टोकाला टेबल मांडलं होतं. तिनं काडी ओढली, पहिली विझली, दुसरी लागली. त्रिशरण म्हटलं गेलं, मास्कमधून दबलेले आवाज. मग वाढदिवसाचं गाणं म्हटलं. अंकुशनं टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. मेणबत्ती जळत होती आणि कुणीही तिच्याकडं तोंड करून फुंकलं नाही. मनाली अंगणात उतरली आणि मधल्या पोत्यावर बसली. लगेच उठली, पोतं थोडं मागं ओढलं, पुन्हा बसली.

केक खाऊन झाले. संत्र्यांच्या साली एकमेकांवर उडायला लागल्या तेव्हा शकुनबाई पडवीतून ओरडली. मग गुड्डीनं उरलेल्या फक्कीनं बिल्लसचे चौकोन आखले. त्या खेळात तसंही एका वेळी एकच जण आत असतो, बाकीचे बाहेर उभे. मनालीनं आधी दोन्ही पाय जोडून उभं राहून बघितलं. तिची पाळी आली तेव्हा ती एका पायावर उड्या मारत शेवटपर्यंत गेली, वळताना तोल गेला आणि धप्पकन चुन्यात बसली. फ्रॉक पांढरा झाला. ती हसली. मास्कमुळं तोंड दिसत नव्हतं, पण आवाज हसण्याचाच होता.

रिता कुंपणापलीकडून बघत होती. "भाऊजी," ती हळूच म्हणाली, "राखी असती तं..."

"हो," जीवन म्हणाला.

त्याला बरं वाटायला हवं होतं. सगळं नीट पार पडलं होतं, पोरगी उन्हात होती. तो ते बघत होता, जसं रस्त्यापलीकडच्या घरातलं कार्य बघावं. मग त्यानं उष्ट्या वाट्या गोळा केल्या आणि शेणखताच्या खड्ड्याशी नेऊन जाळल्या.

सोमवारी पहाटे तो निघाला तेव्हा पोरगी आजीच्या गोधडीत शिरून झोपली होती. धुक्यात पुढचं काही दिसत नव्हतं, मोटारसायकल हळू हाकावी लागली.

जीवन अजूनही त्याच मिलमध्ये आहे. वास हळूहळू परत आला, कधी ते त्यालाही सांगता येणार नाही. राखीसाठी तो आजवर रडलेला नाही, लोकांनीही आता ते बोलणं सोडलं आहे. मात्र दर इतवारी तो मनालीला विचारतो, आठवड्यात काय काय झालं. आधी ती दोन शब्दांत सांगायची. आता सांगता सांगता भांडते, रुसते, मैत्रिणींच्या चुगल्या करते, आणि तो "मंग?" "मंग काय झालं?" म्हणत ऐकत बसतो.