जफरभाईंनी ऐकलेला पंप

महागावच्या बसस्टँडसमोर जफरभाईंचं दुकान आहे. फवारणीचे पंप, कूलरच्या मोटारी, पंक्चरवाल्यांचे लहान कॉम्प्रेसर, असं काहीही तिथं दुरुस्त होतं. वय साठीच्या पुढं, डावा कान पूर्ण गेलेला. उजव्या कानाला लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ लावायची, टोक चालू मशीनवर टेकवायचं आणि डोळे मिटून ऐकायचं, ही त्यांची पद्धत. ऐकून झाल्याशिवाय पान्याला हात नाही. कुणी घरीच पंप उघडून सुटे भाग पिशवीत घालून आणले, तर ते पिशवीत डोकावून म्हणतात, "काहून बे, ऑपरेशन करूनच आणलं का पेशंटले?"

माझी मुलगी सलोनी आठवीपासून बारावीपर्यंत संध्याकाळचा एक तास त्या दुकानात बसायची. आमचा तांडा महागावपासून नऊ किलोमीटरवर. शाळा पाचला सुटायची आणि एसटी सहाला यायची. मला ते आधी मुळीच पसंत नव्हतं. ऑइलचा वास, येणारे-जाणारे पुरुष, आणि त्यात माझी बारा-तेरा वर्षांची पोर. एक दिवस न सांगता बघायला गेले. दुकानाच्या मागंच जफरभाईंचं घर आहे. मधल्या दारात त्यांच्या पत्नी हुस्नाबी खाटेवर बसून मेथी निवडत होत्या, त्यांना लागून सलोनी. जफरभाई म्हणाले, "ताई, तुमची पोरगी माह्या नजरेत नाही, हिच्या नजरेत राह्यते. माही नजर मशीनवर असते." पाच वर्षांत एकदाही सलोनी एसटीत चढून खिडकीतून हात दाखवेपर्यंत हुस्नाबी उंबऱ्यावरून आत गेल्या नाहीत.

पुढं सलोनी भौतिकशास्त्र शिकली, संशोधनाला लागली आणि गेल्या वर्षी नॉर्वेच्या पार उत्तरेकडच्या एका बेटावर गेली. तिथून ध्रुव जवळ. तिचं काम हवेतला ओझोन मोजायचं. हे मला समजायला वेळ लागला, कारण मी बी.ए. मराठीची.

यंदा मार्चअखेरीस सकाळी अकराच्या सुमारास तिचा फोन आला. आमच्या बंजाऱ्यांच्या गोर बोलीत आईला याडी म्हणतात. पहिलंच वाक्य, "याडी, घाबरू नको."

मी लगेच घाबरले.

"इथला ओझोन शून्यावर आलाय. काल संध्याकाळी चाळीस होता, आता एकाच्याही खाली."

"म्हणजे ऊन भाजेल तुला? आत जाऊन बस आधी!"

"अगं, ऊन अडवतो तो आभाळात फार वरचा. हा जमिनीलगतचा. हा नसला तरी माणसाला काही होत नाही. मी वर्षभर याचीच वाट बघत होते."

मग तिनं सांगितलं. तिकडं हिवाळाभर सूर्य उगवतच नाही. वसंतात तो परत येतो, तेव्हा गोठलेल्या समुद्रावरच्या खारट बर्फातून ब्रोमिन सुटतं, आणि ऊन मिळालं की ते जमिनीलगतचा ओझोन काही तासांत संपवून टाकतं. वारा बदलला की बाहेरून नवी हवा येते आणि ओझोन परततो. असे प्रसंग वसंतातच येतात, आणि एखादा निम्म्या दिवसातही आटोपतो.

"मग आनंदाची गोष्ट आहे की," मी म्हणाले.

"खरी असेल तर. मागच्या आठवड्यात हवा ओढायच्या नळीत बर्फ धरला आणि आकडा असाच खाली आला. मी सगळ्यांना कळवून बसले, मग हसं झालं. आता पुन्हा शून्य. मशीन बंद करून उघडलं, तर परत नीट चालायला एक दिवस जाईल आणि ही संधी हातची गेली. नाही उघडलं आणि मशीनच बिघडलेलं निघालं, तर हे आकडे कोण मानेल? माझे गाइड सर म्हणतात, तिथं तू आहेस, तूच ठरव." मग आवाज जरा उतरला. "याडी, जफरचाचांकडे जातेस का? पंप बरोबर ओढतोय का तेवढं त्यांना ऐकवायचंय."

बेटावरून इंटरनेटवरच बोलता येतं, आणि जफरभाईंकडे बटणांचा साधा फोन. सलोनीचे बाबा खेमसिंग यांनी मोटरसायकल काढली. वाटेत मी दोनदा म्हणाले, जोरात घ्या, आणि तीनदा म्हणाले, हळू घ्या.

दुकानात आमच्याच तांड्याचे रूपसिंगकाका फवारणीचा पंप घेऊन बसले होते. जफरभाईंनी माझं सगळं ऐकलं, शेजारच्या चक्कीवाल्याला "पाच मिनिटं बंद कर भाऊ" म्हणून ओरडले आणि मी सलोनीला लावून दिलेला माझा फोन उजव्या कानाशी धरला.

"बोल बेटा. पहिले नळीच्या तोंडावर बोट ठेव. मशीनजवळच्या. हां... आवाज घोगरा झाला. आता काढ. मोकळा झाला. पंप चांगला आहे तुहा, कुठं गळत नाही."

फोन स्पीकरवर होता. सलोनी म्हणाली, "चाचा, मी मशीनला मोजून ओझोनही दिला. ओझोन तयार करायची लहान पेटी आहे माझ्याकडे. पन्नास दिला, मशीननं एकोणपन्नास दाखवला."

"कुठून देल्ला?"

"मशीनच्या तोंडातून."

"आन् बाहेरची नळी?"

"ती राहिली."

"हेच करतात इथले लोक," जफरभाई रूपसिंगकाकांकडे बघत म्हणाले. "टाकी धुतात, पंप धुतात, आन् औषधाचा गाळ बसून राह्यते बाहेरच्या दांडीच्या टोकाले. मंग म्हणतात मशीन खराब. मी साधं पाणी टाकतो आन् शेवटच्या टोकातून किती आलं ते पाह्यतो. तुहं तर उलटं आहे, तुही नळी आत ओढते. म्हणून तू शेवटच्या टोकातून पाज. जिथून हवा घुसते तिथून."

"ते टोक छतावरच्या खांबावर आहे, चाचा."

"मंग चढ छतावर. खोलू नको, चढ."

ती जाते म्हणाली. तिकडे उणे एकवीस होतं. पांढरी अस्वलं फिरतात, म्हणून कामावरची सोबतीण बंदूक घेऊन खाली उभी राहते, हे तिनंच मला कधीतरी सांगितलं होतं, आणि नसतं सांगितलं तर बरं झालं असतं. फोन तिनं आत मशीनपाशीच ठेवला. आम्हाला नुसती पंपाची घरघर ऐकू येत होती. मला तर तिच्या पायांचा आवाज ऐकायचा होता.

हुस्नाबींनी चहा आणला. "कायले भेता? पोरीले चढता येते," त्या म्हणाल्या. "आमच्या माडीवर कबुतराचं पिल्लू ठेवाले तीच चढली होती."

रूपसिंगकाकांना राहवेना. "मले एक सांगा, जे नाहीच आहे तेच मोजाले पोरगी इतक्या दूर गेली?"

"टाकी रिकामी आहे हे कोणी खरं सांगितलं तर बरं असते, काका," जफरभाई म्हणाले. "तुमचा पंप फुसफुस करते, तुम्ही समजता फवारून राह्यलो, आन् अर्धं वावर कोरडं."

वीस मिनिटं गेली. मग दार आपटल्याचा आवाज आला, धापा टाकणारा श्वास आला, आणि सलोनी ओरडली, "सत्तेचाळीस! छतावरून पन्नास दिला, मशीनवर सत्तेचाळीस उमटलाय! पेटी तिथून काढल्यावरची नोंद बघा, आकडा परत खाली... दहा... चार... अर्धा."

"मंग मशीन काय सांगून राह्यलं?" जफरभाईंनी शांतपणे विचारलं.

"बाहेर ओझोन नाही."

"मंग नाही. चालू दे."

तिनं मशीनला हात लावला नाही. आकडा एकतीस तास एकाच्या खाली राहिला. मग वारा दक्षिणेकडून सुटला आणि तो अडतीसवर गेला. त्याच तासांत दुसऱ्या एका गटाच्या यंत्रावर हवेतला पाराही नाहीसा झाला होता. ब्रोमिन ओझोन खातं तेव्हा पाराही जातो म्हणे. सरांचं उत्तर एका ओळीचं होतं. नोंद पक्की, अभिनंदन.

मी मुलीची काळजी करण्यात तरबेज आहे. पण काळजीनं तिला शिकवलं काहीच नाही. रोजचा एक तास दुसऱ्याच्या उंबऱ्याशी बसून ती काय काय घेऊन गेली, हे मला त्या दिवशी कळलं. आणि त्या तासाचे आभार मी कधी मानलेच नव्हते.

सलोनीनं पाठवलेला आलेख मी झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतला आणि जफरभाईंकडे नेला. रेघ वरून एकदम खाली पडलेली, मग लांबवर सपाट, मग पुन्हा वर. काय काय बोलायचं ते मी वाटेत ठरवलं होतं. "जफरभाई, तुमचे उपकार..." एवढंच बोलले आणि कागद पुढं केला. त्यांनी कागद उजेडात धरला.

"हे खाली सपाट आहे, हे एकतीस तास का?"

"हो."

"पंप मधात बंद पडला नाही?"

"नाही."

"चांगला आहे. पण ताई, इतक्या थंडीत त्याच्या आतला रबर कडक होते. तिले म्हणा, आता वेळ आहे तर बदलून घे."

मी तिथूनच कळवलं. तिच्याकडे सुटा रबर होता. रविवारी ओझोन चाळीसवर स्थिर असताना तिनं तो बदलला. बुधवारी समुद्राकडून वारा आला आणि आकडा पुन्हा खाली उतरू लागला, तेव्हा मशीन तयार होतं.