फरक शून्य

माझी धाकटी बहीण इस्पितळाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत बसते आणि आम्हा नर्सांच्या ड्यूट्यांचा तक्ता बनवते. खोलीला खिडकी नाही. पंखा आहे, पण वारा कमी आणि आवाज जास्त. पूर्वी हे काम मेट्रन हाताने करायच्या आणि तक्ता लागला रे लागला की भिंतीपाशी भांडणं जुंपायची. धाकटीने ते कॉम्प्युटरवर आणलं. सॉल्व्हर म्हणून एक तयार लायब्ररी असते म्हणे. त्याला अटी सांगायच्या, कमीत कमी काय हवं ते सांगायचं, की तो वाटणी काढून देतो. भांडणं थांबली. यंत्राशी कोण भांडणार?

मी तिसऱ्या मजल्यावरची नर्स. घरी आम्ही दोघी आणि अंथरुणाला खिळलेली आई. दिवसा आईपाशी एक कामाची बाई बसते; मी रात्रपाळीला गेले की रात्रभर धाकटी. दादा दुसऱ्या शहरात असतो आणि रविवारी फोन करतो. त्याचं एक ठरलेलं वाक्य असतं, "आपण तिघं मिळून आईचं किती छान करतोय, नाही?" धाकटी म्हणते, "हो दादा." मी तेवढ्यात कपडे वाळत घालायला निघून जाते, कारण माझी जीभ फार तिखट आहे.

या वर्षी माझ्या रात्रपाळ्या वाढतच चालल्या. पाय सुजायचे, डोळ्यांची आग व्हायची. एकदा औषधांची ट्रॉली ढकलताना उभ्या उभ्या डुलकी लागली आणि ट्रॉली दारावर आदळली. कुणाला लागलं नाही, हे नशीब. सकाळी ड्यूटी संपवून मी तडक जिन्याखाली गेले.

"तुझ्या त्या सॉल्व्हरचं माझ्याशी काय वाकडं आहे गं?"

"ताई, सगळ्यांना सारखं वाटलंय. एकूण फरक शून्य येतो. मेट्रननी पाठ थोपटली माझी."

"शून्य? मग माझी अशी दशा का झालीय? माझी ओळ उघडून बघ की जरा."

ती घुटमळली. "तुझी ओळ मी मुद्दाम बघतच नाही. लोक म्हणतील, बहिणीचं बघते."

असली ही बाई. लहानपणी खाऊ वाटायला दिला तर स्वतःचा वाटा ठेवायलाच विसरायची.

शेवटी तिने ओळ उघडली आणि औषधाच्या रिकाम्या खोक्यावर आकडे मांडले. आमच्या मजल्यावर आम्ही चौघी; प्रत्येकीच्या वाट्याला महिन्याला सहा रात्री यायला हव्या होत्या. माझ्या नऊ होत्या आणि बाकी तिघींच्या पाच-पाच.

"तुझे अधिक तीन. त्यांचे उणे एक, उणे एक, उणे एक." ती थांबली. तिचा चेहरा उतरला. "झालं की शून्य. ताई, फरकांची बेरीज कमीत कमी कर, एवढंच सांगितलं होतं मी त्याला. पण एकूण रात्री ठरलेल्याच. कशाही वाटल्या तरी बेरीज शून्यच येणार. त्याला कमी करायला काही नव्हतंच."

म्हणजे तो नुसत्या अटी पाळत बसला होता. इतरांनी रजा, मुलांच्या परीक्षा, सासूचं दुखणं, सगळं लिहून दिलं होतं. मी एकही अट घातली नव्हती. मोकळी सापडले, मग काय, घातलं ओझं माझ्या डोक्यावर.

"मग ते उणे चिन्ह उडवून टाक ना. शाळेत होतं की, केवलमूल्य." एवढं आठवलं याचाच मला अभिमान वाटला.

"तसं नाही चालत. या सॉल्व्हरला सरळ रेषेतलंच कळतं. केवलमूल्याची रेघ शून्यापाशी मोडते. तसंच लिहिलं तर तो चूक दाखवून बंद पडतो." बोलता बोलता तिला मोठी जांभई आली. डोळ्यांखाली काळं झालं होतं. मला वाटलं, स्क्रीनमुळे असेल.

मग तिने प्रत्येकीच्या नावापुढे दोन आकडे ठेवले, एक जास्तीचा आणि एक कमीचा. दोन्हींपैकी कुणीही शून्याखाली जायचं नाही. मिळालेल्या रात्रींतून वाटा वजा केला की जे उरेल, ते जास्तीतून कमी वजा केल्याइतकं हवं. आणि कमीत कमी करायची ती या दोघांची बेरीज. "आता तुझं जास्तीचं तीन आणि त्यांचं कमीचं तीन, मिळून सहा. एकीचं दुसरीत जिरणार नाही. आणि आकडे उगाच फुगणारही नाहीत, कारण फुगले की बेरीज वाढते."

नवा तक्ता लागला. माझ्या सहा रात्री आल्या. "शेवटी बहिणीचं बघितलंच," असं एक जण तिला तोंडावर म्हणाली. धाकटी जिना उतरून आपल्या खोलीत गेली.

रविवारी दादाचा फोन आला. धाकटी आईची कूस बदलत होती, म्हणून मी तो स्पीकरवर टाकला. "आपण तिघं मिळून..." दादाने सुरू केलं. मी सवयीने कपड्यांची बादली उचलली.

"दादा, तिघांचं मिळून नको मोजूया," धाकटी म्हणाली. "तुझं कमीचं माझ्या जास्तीत जिरून जातं. ताई रात्रपाळीला असते तेव्हा मी आईपाशी जागी असते आणि सकाळी कामावर जाते. माझ्या रात्री कुठल्याच तक्त्यात नाहीत. मी दमलेय रे. पुढच्या महिन्यात आठवडाभर तरी येऊन राहा."

मी बादली खाली ठेवली. नऊ रात्रींवरून मी केवढी भांडले होते. त्या नऊच्या नऊ रात्री तिच्याही होत्या.

"बघतो," दादा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

धाकटीने आईच्या पाठीशी उशी लावली, चादर सारखी केली. आई भिंतीकडे बघत होती.

"त्याला कशाला बोललीस गं?" आई म्हणाली. "दमून जातो बिचारा."

धाकटी सवयीने म्हणाली, "हो आई."

मी फोन उचलला आणि दादाला परत लावला.