सोन्यावरची जागा

माझ्या मोठ्या वहिनीला धाकटीचं काहीच बघवत नाही. तिचे कुरळे केस, पातळ बोटं, अगदी शिंकसुद्धा. एका घरात दोन जावा, त्यात दोघी एकाच प्रयोगशाळेत. म्हणजे धुसफुशीला सुट्टीच नाही.

धाकटीला तिथं चिकटवलं मोठीनंच. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला, असं ती भाजी चिरताना अजून म्हणते. मोठी काचेच्या चकत्या धुते. चकतीवर सोन्याची दोन टोकं, मधली फट डोळ्यांना दिसणारच नाही इतकी बारीक. त्या फटीत डीएनएचा धागा अडकवायचा, हा मान धाकटीचा. मग सोन्याला सुया टेकवून धाग्यातून वीज जाते का, ते बघतात. धाग्याच्या दोन्ही टोकांना गंधक लावलेलं असतं, ते सोन्याला घट्ट धरतं. मात्र सोनं कोरं हवं. आधी दुसरं कुणी येऊन बसलं, की धाग्याला जागा नाही.

"घासायचं मी आणि मिरवायचं तिनं," हे मोठीचं पालुपद. प्रयोगशाळा बघायला पाहुणे येणार म्हटल्यावर तिनं मुख्य बाईंकडे हट्टच धरला, की या वेळी धागा असलेल्या द्रावणाचा थेंब चकतीवर मीच सोडणार. बाई कबूल झाल्या. जमलं तर ते काम कायमचं तिचं. फोटो निघणार म्हणून तिनं घरी औषध लावून केस कुरळे केले. कुणासारखे, हे विचारायची माझी छाती झाली नाही. घरभर सडक्या अंड्यांचा वास. तशीच जाऊन तिनं चकती धुतली आणि थेंब सोडला.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर सुया टेकवल्या, तर वीज पुढं जाईचना. मोठीनं सरळ खापर धाकटीवर फोडलं: धागाच खराब दिला असणार. धाकटी तिच्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "ताई, केसांच्या औषधातही गंधक असतं. तेच बसलंय सोन्यावर."

मग बाईंकडे वळून तिनं सांगितलं, की चकती आपणच उघडी ठेवली, चूक आपली. सवयीनं करून ठेवलेली जादा चकती काढली. तिच्यातून वीज गेली, पाहुणे खूश झाले. नंतर बाईंनी धाकटीला झापलं आणि थेंबाचं काम मोठीकडे दिलं.

संध्याकाळी मी म्हटलं, "वहिनी, हवं ते मिळालं ना?"

ती केस खसाखसा धूत होती. "माझी चूकसुद्धा तिनंच घेतली," ती म्हणाली. "माझं म्हणून काही ठेवलंच नाही बघ तिनं."