पुलावरचा राक्षस

आंजीतल्या झेरॉक्सच्या दुकानातल्या ताईंनी पहिल्यांदाच कॉम्प्युटरवर गेम खेळायला घेतला आणि जादूगारीण निवडली. मी म्हटलं, "ताई, नवीन माणसानं तलवारवाला घ्यावा. जादूवाली दोन फटक्यांत मरते."

"मरू दे नं भाऊ. मले जादूच शिकाची हाय."

त्या प्रत्येक मंत्र ओठ हलवत वाचायच्या, चष्मा पुसायच्या आणि पुन्हा मरायच्या. पुलावरच्या राक्षसानं त्यांना आठवडाभर अडवून धरलं.

काल त्यांनी आगीचा मंत्र सोडून झोपेचा टाकला. राक्षस घोरायला लागला आणि जादूगारीण त्याच्या पायांजवळून अलगद पलीकडे गेली.

"मारलं काऊन नाई त्याले?" मी ओरडलोच.

"हळू बोला भाऊ," त्या कुजबुजल्या. "उठन नं तो."

इतकी वर्षं मी त्या राक्षसाला नुसता मारतच आलो होतो. मी आवाज खाली आणला.