दुसरी हाक

परळच्या इस्पितळात मेंदूच्या अभ्यासासाठी धडधाकट डोकीही हवी होती, म्हणून डॉक्टर नातीने माझं नेलं. शेजारच्या खुर्चीत हिंदमाताच्या साडीदुकानातला एक विक्रेता होता. त्याला स्किझोफ्रेनिया होता. मांडीवरचा रुमाल तो साडीसारखा फैलावायचा आणि पुन्हा घडी घालायचा. डोक्याला तारा लावणार म्हटल्यावर तो उठून निघालाच.

नात म्हणाली, "दादा, कानात नुसती टिकटिक होईल, लागोपाठ दोनदा. सहसा मेंदू दुसऱ्या टिकटिकीकडे कानाडोळा करतो. या आजारात बऱ्याचदा करत नाही. तेच बघतोय."

"कसा करेल? दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे कानाडोळा केला तर शेठ घरी बसवेल."

मी म्हटलं, "माझं ऐक बाबा. लालबागच्या चाळीत नवी सून होते. सासूबाईंच्या पहिल्या हाकेला लगबगीने 'आले' म्हणायचं आणि दुसरीला ठार बहिरं व्हायचं. फार हुशार समजायचे स्वतःला. अख्खी चाळ माझ्या कानांसाठी हळहळायची."

तो खुदकन हसला. मग परत खुर्चीत टेकला.

"मला प्रत्येक हाक पहिलीच वाटते, आजी. दमायला होतं."

आणि त्याने नातीपुढे डोकं वाकवलं.