बिनआवाजाची पेटी

हिंजवडीत वीस वर्षं नोकरी केल्यामुळे माझा असा समज झाला आहे, की ज्या वस्तूला वायर असते ती मला कळते.

त्यामुळे दसऱ्याच्या संध्याकाळी आमच्या वारज्याच्या सोसायटीत माझ्या बायकोचं, वैदेहीचं, पहिलंवहिलं गाणं ठरलं आणि तिच्या पेटीवाल्या काकू लेकीच्या बाळंतपणासाठी अचानक बंगळुरूला गेल्या, तेव्हा मी छाती पुढे काढली. वरच्या मजल्यावरची पेटी मागून आणायला ती निघालीच होती.

"पेटी कसली आणतेस? मी मिडी कीबोर्ड आणतो. लॅपटॉपला जोडला की शंभर वाद्यं!"

दसऱ्याला सकाळी जोडला. पट्टी दाबली. शांतता.

"अहो, वाजत नाही हे."

"ते स्वतः वाजत नसतं. ते नुसतं सांगतं, काम लॅपटॉप करतो."

"म्हणजे मॅनेजरच की!" (मी मॅनेजर आहे.)

तासाभराने आवाज आला. 'सा' दाबला की ढोल, 'रे' दाबला की झांज आणि 'ग' दाबला की कुणीतरी टाळी वाजवायचं! सॉफ्टवेअरमधलं वाद्य बदललं तर सूर आले, पण इतक्या उशिरा, की पट्टी दाबल्यापासून सूर उमटेपर्यंत आईने चहा गाळला.

"तुझ्यावरच गेलंय," आई म्हणाली. "हाक मारली की सावकाश ओ देतं."

चार वाजता कुठे एक लांबणारा, बरासा सूर वेळेवर यायला लागला. तेवढ्यात आई हळदकुंकू घेऊन आली. मिक्सर, विळी आणि स्कूटरची पूजा झाली होती. आता नवीन यंत्राची पाळी! मला लॅपटॉप बंद करायला लावून तिने झेंडूची माळ घातली आणि अगदी डावीकडच्या पट्टीवर, कडेला टेकवून, नारळ ठेवला.

"उद्या सकाळपर्यंत हलवायचा नाही हं."

"अगं आई, संध्याकाळी वाजवायचंय!"

"मग वाजव की. अजून चोवीस पट्ट्या आहेत."

संध्याकाळी हॉल गच्च भरला. कीबोर्ड, माळ आणि नारळ असा सगळा संसार मी टेबलावर ठेवला. लॅपटॉप सुरू केला. टेबल जरा सरकवलं, तसा नारळ डगमगला, पुन्हा धपकन बसला आणि स्पीकरमधून निघालं, "आँऽऽऽऽ!"

मी कशाला हातही लावला नव्हता! घाबरून एक बटण फिरवलं, आवाज वाढला. दुसरं दाबलं, ढोल वाजला. वैदेहीने माझं मनगट धरलं.

"आता कशाला हात लावलात, तर उद्या सकाळी तुमचीच उत्तरपूजा!"

मग तिने डोळे मिटले, तोच सूर धरला आणि गायला लागली. इतकी सुंदर गायली, की माझा ऊर भरून आला. वीस मिनिटं मी मांडीवर हात ठेवून नारळाशेजारी बसलो होतो.

"काय सूर धरलात हो!" चेअरमन मला म्हणाले. "एकदासुद्धा हलला नाही." आणि त्यांनी शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केला.

"बरं झालं," माझ्या हातातला नारळ घेत आई म्हणाली. "बदली कलाकार मिळाला."

मूळ कलाकाराची दुसऱ्या दिवशी चटणी झाली. त्यामुळे कोजागिरीच्या गाण्याला वैदेही कीबोर्ड, लॅपटॉप आणि सत्कारातला नारळ घेऊन गेली. मला घरी दूध आटवायला ठेवलं.